बावीस खुर्च्या

हॉलची किल्ली तीन वर्षं माझ्या खिशात,
शिरोलीच्या फौंड्रीतल्या लॉकरच्या किल्लीला खेटून.
दोन्हींना एकच वास, जळक्या वाळूचा.

रविवारची मिस्सा संपली की
मी बावीस खुर्च्या गोल मांडतो,
माइकची खरखर काढतो,
हजेरीची वही उघडतो.
फादर म्हणतात, "इनास आहे म्हणून युवक मंडळ चालतंय."
आई हेच आजऱ्याच्या मावशीला फोनवर सांगते,
आवाज जरा चढवून.

प्रार्थनेवर मी तीनदा बोललोय.
क्षमेवर दोनदा.
मौनावर एकदाच,
पण पाऊण तास.

हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं:
रात्रपाळी करून आल्यावर
क्रूसाची खूण करता करता
हात डाव्या खांद्यापाशीच झोपी जायचा.
आणि एकदा पापनिवेदनाला गुडघे टेकले
तर पाप काही आठवेना,
सहलीचा हिशेब तेवढा आठवला,
एकशेचाळीस रुपये कमी.

त्यात ती लवीना.
गडहिंग्लजहून अकरावीला आलेली, हॉस्टेलवर राहणारी,
कधी न बोलणारी.
"दादा, देव तुझ्याशी काय बोलतो?"
बाकीच्यांनी माना वळवल्या.
मी म्हटलं, "छान प्रश्न. पुढच्या रविवारी घेऊ."
कार्यक्रमपत्रिकेत लिहूनसुद्धा टाकला.

पुढचा रविवार निघाला फायनलचा.
सकाळपासून पेठांतनं झेंडे, हलग्या,
सायलेन्सर काढलेल्या गाड्या.
रेमेदचा मेसेज:
"दादा रागावू नगंस, सेमी न्हाई, फायनल हाय."
लवीनाला ताप.
बाकीच्यांनी कारण द्यायचीही तसदी घेतली नाही.

खुर्च्या मांडून झाल्या होत्या.
घडी घालायला लागलो, तिसरीवर थांबलो.
बसलो.

माझं काम कोअर शॉपला.
पंपाच्या पोटात पाणी खेळायला जी पोकळी लागते
ती मी आधी वाळूची करतो.
भोवतीनं लोखंड ओततात, ते निवतं,
मग ठोकून वाळू झाडून टाकायची.
नऊ वर्षं हे करतोय.
हाताला ठाऊक होतं,
मला कुणी सांगितलं नव्हतं
की आत जागा असावी म्हणून
आधी काहीतरी भरून, भाजून,
नंतर ते सांडू द्यावं लागतं.

पाच मिनिटं गेली. पंखा कुरकुरत होता.
लांब स्टेडियमकडून आरडाओरडा, बहुतेक गोल.
देव काही बोलला नाही.
मीच समोरच्या खुर्चीकडे बघितलं,
दाराजवळची, रेमेदची.
तो दर वेळी तिथंच का बसतो?
बापाचा फोन आला तर पटकन उठता यावं म्हणून.
बाप पितो, हे मंडळात सगळ्यांना माहीत,
मलाही.
माझ्या वहीत त्याच्यापुढे फक्त टिक होती.

मग मी दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं.
आणि तिसऱ्या.
अकराव्या खुर्चीवर कोण बसतं ते आठवेना,
तिथं मला रडू आलं.
डावा खांदा, उजवा खांदा.
या खेपेला हात पोचला.

लवीना ताप उतरल्यावर आली.
"सांगणार होतास, दादा."
"अजून काही बोलला नाही गं तो."
"मग प्रार्थनेवर तीनदा बोललास ते?"
"ऐकीव."
तिनं मान हलवली. "मला वाटलंच."
आणि हसली, मनापासून,
पहिल्यांदाच.

तेवढ्यात रेमेद आला, घसा बसलेला,
हरल्याचं सांगायला लागला, पेनल्टीपासून.
फादर खिडकीतनं बघत होते, सुरू का होत नाही म्हणून.
वही कपाटातच राहिली होती.
मी दाराजवळ एक खुर्ची ओढली,
त्याच्या खुर्चीला लागून,
आणि म्हटलं, "सांग. पहिल्यापासनं सांग."